कार्यरत ऑप्टोमेट्रिस्टांना पुढे शिकता यावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा कायदा २०२१ मध्ये झाला आणि ऑप्टोमेट्री, म्हणजे दृष्टी तपासून चष्मा व लेन्स देण्याचा आमचा व्यवसाय, वैधानिक चौकटीत आला. पात्रता, नोंदणी आणि राज्य परिषदा यांवर त्यानंतर पुष्कळ बोलले गेले. मात्र पदवीनंतरच्या सातत्यपूर्ण व्यावसायिक शिक्षणाचे निकष ठरवणे हेही याच कायद्याने आयोगाकडे सोपवलेले काम आहे, आणि तालुक्याच्या गावी बरीच वर्षे डोळे तपासणारी ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून मला ते सर्वांत निकडीचे वाटते.

मी पदवी घेतली तेव्हा मुलाचा उणे नंबर वाढला की नवा चष्मा द्यायचा आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलवायचे, एवढेच आमच्या हाती होते. आज ही वाढ मंदावणाऱ्या चष्म्याच्या काचा आहेत. त्याच कामाच्या कॉन्टॅक्ट लेन्सला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये मान्यता दिली. नेत्रतज्ज्ञ कमी मात्रेचे ॲट्रोपिनचे थेंबही देतात. यांतले कोणत्या मुलाला काय योग्य हे ठरवायचे, तर वयाप्रमाणे नंबर किती वेगाने वाढतो आहे, आईवडिलांना नंबर आहे का, मूल दिवसाउजेडी बाहेर किती वेळ असते हे नोंदवावे लागते, डोळ्याची लांबी ठरावीक काळाने मोजावी लागते, आणि उपचार थांबवल्यावर नंबर पुन्हा उसळत नाही ना, यावरही लक्ष ठेवावे लागते. हे एका दुपारच्या व्याख्यानात येणारे कौशल्य नव्हे. केराटोकोनसच्या, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या विकाराच्या, रुग्णाला स्क्लेरल लेन्स (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी लेन्स) बसवणे किंवा नेत्रपटलाचे (डोळ्याच्या आतल्या पडद्याचे) छायाचित्र पाहून कोणत्या मधुमेही रुग्णाला तातडीने नेत्रतज्ज्ञांकडे धाडायचे हे ओळखणे, यांनाही अनुभवी हाताखालचा सराव लागतो.

पदव्युत्तर पदवीचा मार्ग आहे, आणि चेन्नई, हैदराबादसारख्या ठिकाणी उत्तम शिक्षण मिळते. पण दोन वर्षे पूर्णवेळ तिकडे राहायचे तर इथले काम बंद ठेवावे लागते, आणि घरची जबाबदारी असलेल्या स्त्रियांना तर तो विचारही करता येत नाही. उरतात ती बहुधा लेन्स कंपन्यांनी भरवलेली सत्रे. तिथे नव्या वस्तूची माहिती मिळते. ती वस्तू कुणाला देऊ नये, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

ब्रिटनमध्ये ऑप्टोमेट्रिस्टला नोंदणी टिकवण्यासाठी तीन वर्षांच्या चक्रात अशा सातत्यपूर्ण शिक्षणाचे ३६ गुण मिळवावे लागतात आणि सहव्यावसायिकांसोबत प्रकरणांची चर्चाही करावी लागते. काचबिंदू, नेत्रपटलाचे विकार, अल्पदृष्टी अशा विषयांची प्रमाणपत्रे तिथे नोकरी सांभाळून घेता येतात. आपल्याकडेही ही कल्पना परकी नाही, कारण महाराष्ट्रातील डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी असे गुण, म्हणजे श्रेयांक, जमवावेच लागतात.

म्हणून नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने पदव्युत्तर अभ्यासक्रम विषयवार, सहा-सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रांत विभागावा, अशी माझी विनंती आहे. सिद्धान्ताचा भाग संध्याकाळी ऑनलाइन व्हावा. प्रात्यक्षिकासाठी जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्रविभागात ठरावीक दिवस द्यावेत आणि तपासलेल्या रुग्णांची नोंदवही तिथल्या शिक्षकांनी पडताळावी. चार-पाच वर्षांत प्रमाणपत्रांचे श्रेयांक जमले, की पदवी मिळावी. नूतनीकरणाचे नियम करताना राज्य परिषदेने कंपन्यांच्या सत्रांच्या गुणांवर कडक मर्यादा घालावी, शुल्क जिल्ह्यातल्या कमाईला झेपेल असे ठेवावे, आणि सुरुवात मुलांचा वाढता नंबर व मधुमेहींचे डोळे या दोन विषयांनी करावी, कारण हे रुग्ण आमच्याकडे रोज येतात.

आपली,
एक ऑप्टोमेट्रिस्ट, सांगली जिल्हा