ट्रेबलचं काय करायचं?

विश्रामबाग, सांगली

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

अँप्लिफायरच्या माहितीपुस्तिकेचं स्पॅनिश करायला घेतलंस, झकास. पण ट्रेबलच्या बटणापुढे 'त्रिप्ले' लिहून पाठवू नकोस, लेका. माद्रिदचा माणूस 'तिप्पट काय?' म्हणून शोधत बसेल. तिथं 'आगूदोस' लिही, म्हणजे चढे, बारीक सूर. बेसला 'ग्राबेस'.

गणपतीत आपला साउंडवाला 'ट्रेबल कमी कर रे' म्हणून ओरडतो, तेव्हा तीन आकडा कुणाच्या डोक्यात येतो? मुळात मात्र तो आहे. लॅटिन 'त्रिप्लुस' म्हणजे तिप्पट. मध्ययुगीन युरोपातल्या गाण्यात टेनरचा आवाज पायाला, त्यावर दुसरा आणि त्याच्याही वर तिसरा, तो 'त्रिप्लुम'. त्यावरून इंग्रजीत उंच आवाज म्हणजे ट्रेबल. अशा आवाजात गाणाऱ्याला स्पॅनिशमध्ये 'तिप्ले' म्हणतात. ट्रेबल क्लेफला, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपीत पाच रेषांच्या सुरुवातीला उंच सुरांसाठी काढतात त्या खुणेला, मात्र 'क्लावे दे सोल'. ती खूण नीट बघ, तिचं वेटोळं खालून दुसऱ्या रेषेभोवती बसतं आणि ती रेषा 'सोल' या स्वराची. तीनचा मागमूस नाही!

भाव तिप्पट झाला, असं म्हणायचं तर क्रियापद 'त्रिप्लिकार'. 'हळद तिप्पट महाग पडते' याला 'कुएस्ता एल त्रिप्ले'. तिहेरी उडीलाही 'त्रिप्ले साल्तो', म्हणजे आपण तिप्पट आणि तिहेरी वेगळं ठेवतो, ते तिथं एकाच शब्दात भागतं. अर्ज तीन प्रतींत द्यायचा असेल तर 'पोर त्रिप्लिकादो'. (इथल्या एका खिडकीवर मला परवा चौथी प्रत मागितली, त्याला काय म्हणतात ते नंतर सांगतो.)

फुटबॉलमधला ट्रेबल, एकाच हंगामात तीन मोठ्या ट्रॉफ्या, तो 'त्रिप्लेते'. बार्सिलोनाने 2009 आणि 2015 मध्ये केला. बास्केटबॉलमध्ये तीन गुणांची बास्केट म्हणजे नुसतं 'त्रिप्ले'.

आपल्या ट्रिपल सीटला मात्र 'त्रेस एन ऊना मोतो' एवढंच लिहावं लागेल. तिसरा बसला म्हणून सीट कुठे तिप्पट होते?

पुढचं पान पाठव. त्यात 'गेन', म्हणजे अँप्लिफायर आवाजाचा सिग्नल किती वाढवतो ते, येणारच, त्याला 'गानान्सिया'. नफ्यालाही तोच शब्द आहे, तेव्हा वाक्य बघून वापर.

तुझा,
अनिल