जोंधळ्याच्या डब्यातल्या गोळ्या

डर्बन, रविवार

ती. आईस साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू मधेच विषय बदललास, म्हणून हे पत्र. लग्नाच्या पंगतीत मावशीनं विचारलं म्हणे, "काय करत्या गं पोरगी तिकडं आफ्रिकेत?" आणि तू म्हणालीस, "मनाची डॉक्टर हाय." मग अण्णांकडं बघून गप्प झालीस. तायडीनं सगळं सांगितलं मला.

रागावले नाही. माझं काम लैंगिक आरोग्याचं, आणि हा शब्द आपल्या मंगळवार पेठेतल्या घरात कुणी उच्चारलाच नव्हता. शाळेत बाईंनी प्रजननाचा धडा "घरी वाचा" म्हणून सोडला. राहिलेलं शिक्षण एसटी स्टँडाकडच्या भिंतींवर रंगवलेल्या 'गुप्तरोग' जाहिरातींनी केलं!

तुला शेजारच्या काकींचा टीबी आठवतो का? गोळ्यांची पाकिटं त्या जोंधळ्याच्या डब्यात, पार तळाशी खुपसून ठेवायच्या. पोरीचं लग्न ठरायचं होतं ना. घरात कुणी पाहुणा असला की त्या दिवशीची गोळी राहायची. दवाखान्यातली बाई चौकशीला आली की मात्र, "घेतली की वो." पुढच्या पावसाळ्यात खोकला परत आला. मी तेव्हा सातवीत असेन. आज मी पगार घेते तो त्या डब्याचाच अभ्यास करण्यासाठी, म्हणजे माणसं औषध का लपवतात, का टाळतात, ते समजून घेण्यासाठी.

इथं दक्षिण आफ्रिकेत, युगांडात आणि झिम्बाब्वेत मिळून पाच हजारांवर बायकांवर एक मोठी चाचणी झाली होती, 'व्हॉइस' नावाची. एचआयव्ही होऊच नये म्हणून धडधाकट बाईनं रोज औषध वापरायचं. कुणाला गोळी, कुणाला जेल, कुणाला नुसतं तसंच दिसणारं बिनऔषधाचं. २०१३ साली निकाल लागला आणि कशाचाच उपयोग दिसेना. वास्तविक केनिया-युगांडातल्या जोडप्यांत हेच औषध चांगलं लागू पडलं होतं. बायकांच्या सांगण्यावरून हिशेब केला तर नव्वद टक्के डोस घेतलेले. रक्त तपासलं तर जेमतेम तीस टक्के नमुन्यांत औषध सापडलं.

पुढं रक्ताचा निकाल समोर ठेवून काही जणींशी पुन्हा बोलणं झालं, तेव्हा खरं बाहेर आलं. तीच गोळी रोग झालेल्यांनाही देतात. सासूनं, नवऱ्यानं डबी बघितली तर हिलाच रोग आहे म्हणतील. शिवाय खरं सांगितलं तर चाचणीतून काढतील ही भीती. काकींपेक्षा वेगळं काय सांग.

म्हणून मी "गोळी घेतली का?" असं विचारतच नाही. "गोळी कुणाचीही राहते. तुमची या आठवड्यात कधी राहिली?" असं विचारते. एवढं एक वाक्य बसवायला आम्ही चौघीजणी महिनाभर भांडत होतो. गोळी कोण बघतं, डबी पिशवीत वाजते का, नवरा कधी घरी असतो, असले प्रश्न. बोलायला जाते त्या वाटेवर दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. आपल्याकडचं गळीत संपलं की इथलं सुरू होतं.

आता सहा महिन्यांतून एकदा घ्यायची सुई निघाली आहे, लेनाकापाविर. २०२४ ला निकाल आला. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या २१३४ मुली-बायकांना ती दिली, एकीलाही लागण झाली नाही. मी ऑफिसात रडले, कुणाला सांगू नकोस. सुई डब्यात लपवावी लागत नाही. पण ती घ्यायला दवाखान्याच्या रांगेत उभं राहावं लागतं आणि रांगेत शेजारीण भेटतेच. तेव्हा माझी नोकरी जात नाही, अण्णांना सांग.

तू हळूच विचारलंस, त्यांच्यात बसून जेवतेस का. जेवते. एका ताटात जेवून हा रोग होत नाही, कधीच होत नव्हता. उपचार नीट चालू असून रक्तात विषाणू सापडेनासा झाला, तर नवरा-बायकोच्या संबंधातूनही तो दुसऱ्याला होत नाही.

कांदा-लसूण मसाला एक किलो पाठव, पण दुहेरी पिशवीत. मागच्या खेपेला सगळे कपडे वासले होते. काकींना नमस्कार सांग. पत्र मात्र वाचून दाखवू नकोस. आणि मावशीनं परत विचारलं तर खुशाल मनाची डॉक्टर म्हण. फक्त अण्णांकडं बघू नकोस.

तुझी,
धाकटी