प्लगची सुतळी

ओंकार,

चि. वगैरे लिहायचं असतं, पण मोबाईलवर टाइप करतोय आणि अंगठा दुखतोय, त्यामुळं आशीर्वाद धरून चाल. परवा फोन मी आपटला नाही, कट झाला. म्हणजे आधी मी ओरडलो आणि मग मीच कट केला, खरं ते खरं. तुझी आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, वाढते ताट, पण बोलत नाही.

राग हाड मोडल्याचा नव्हता रं. हाड काय, मोडतंय आणि जुळतंय. पण मे महिन्यात खांद्याचं हाड मोडतं आणि आम्हाला जून संपताना कळतं, ते पण व्हिडिओ कॉलवर तू चहाचा कप डाव्या हातानं उचललास म्हणून. आईला वाटलं कप गरम असेल. मला तेव्हाच कळलं होतं, मी गप्प बसलो की तू स्वतः सांगशील, आणि तू काय सांगितलंस, तर सायकलवरनं पडलो. सायकलवरनं! मग बंट्यानं तो व्हिडिओ पाठवला, त्यात सायकल कुठं दिसंना.

गाडी चालवू नको असं मी म्हणणार नाही. म्हणायला तोंड कुठं आहे मला. व्हरांड्यात अजून येझदी उभी आहे, गेल्या दसऱ्याला हार घातला तेव्हा दुसऱ्या किकला चालू झाली, शेजारच्या पोरांनी धुरात खोकत खोकत रील काढली. बापानं आयुष्यभर टू-स्ट्रोकचा धूर खाल्ला आणि पोराला सांगायचं तू खाऊ नको, हे जमायचं नाही. मला एवढंच विचारायचंय की तुझ्या त्या रेसच्या जुन्या गाडीला, सीझेडला, किल स्विच लावलास का, इंजिन झटक्यात बंद करायचं बटन. फोनवर दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तू विषय बदललास.

असो. ते नंतर लिहितो.

तू सीझेडच घेतलीस हे मला आधी पटलं नव्हतं. म्हटलं अमेरिकेत बसलाय, जुनीच पाहिजे तर होंडा यामाहा घे, पार्ट मिळतील. मग रात्री बसून वाचलं आणि हसू आलं. आपली येझदी मैसूरच्या आयडियल जावाची, १९६१ ला तिथं जावा बनायला लागली, १९७३ पासून येझदी नाव आलं आणि १९९६ ला कारखान्याला कुलूप. आणि तुझी सीझेड चेकोस्लोव्हाकियातल्या स्ट्राकोनित्से गावची, जावाची चुलत बहीणच की, एकेकाळी टाकीवर जावा-सीझेड असं जोडनाव यायचं. म्हणजे सात समुद्र ओलांडून लेकानं शेवटी घरातलीच केली. आईला हे सांगितलं तर म्हणाली, मग तिला तरी सांभाळून वागवायला सांगा.

तो बेल्जियमचा झोएल रोबेर, ज्याच्याबद्दल तू तासभर बोलला होतास, १९६४ ला २५० सीसीचा मोटोक्रॉसचा, म्हणजे तुमच्या चिखलमातीतल्या रेसचा, वर्ल्ड चॅम्पियन झाला तेव्हा विशीचा होता आणि खाली सीझेडच होती, हे मी आता उद्यमनगरात सगळ्यांना सांगून झालंय. तुझा व्हिडिओ पण दाखवला. (पडलेला नाही, त्याच्या आधीचा.) चहाच्या टपरीवर मोबाईल हातोहात फिरला, म्हातारा फोरमन चष्मा वर करून बघत म्हणाला, पोरगं उभं राहून चालवतंय बघा, ढुंगण टेकवत नाही. २२ जणांत तू १४ वा आलास ना, मी नववा सांगितलं. कुणी विचारलं तर नववाच सांग.

पण बंट्यानं पाठवलेल्या, पडलेल्या व्हिडिओत एक जागा आहे, मी ती किती वेळा बघितली विचारू नको. उतारावरनं खाली येतोस, डावीकडं वळण, तिथं चिखल, आणि मागचं चाक उसळी मारतं. मागं एकूण ४ इंचाचा झटका खाणारी गाडी ती, आत्ताच्या गाड्यांना १२ इंच असतो, म्हणजे खड्डा गाडी गिळत नाही, तुझी पाठ गिळते. तू म्हणालास जुन्या गाड्यांचा ट्रॅक वेगळा असतो, मोठ्या उड्या नसतात, म्हातारे म्हातारे लोक चालवतात, सगळे एकमेकाला पाने आणि प्लग देतात. पटलं. पण त्या जागी तू घसरलास आणि गाडी तुझ्यापासनं सुटली आणि पडल्या पडल्या तिचं मागचं चाक फिरतच राहिलं. मी मोजलं. ७ सेकंद. तुझा पाय चेनपासनं किती लांब होता ते व्हिडिओत नीट दिसत नाही, मी झूम करून पण बघितलं.

म्हणून किल स्विच. तिला बॅटरी नाही, चावी नाही, मॅग्नेटोवर चालणारी गाडी, इंजिन फिरतंय तोवर स्वतःच करंट करते, ती बंद करायची म्हणजे करंट अर्थ करावा लागतो, एक वायर आणि एक बटन एवढंच काम आहे. आणि बटन असलं तरी पडल्यावर बटनापर्यंत हात कुणाचा पोचतो? दोरीवालं पाहिजे, मनगटाला बांधायचं, माणूस सुटला की खुंटी निघाली, इंजिन बंद.

आता तू म्हणशील पप्पा परत तेच. हो परत तेच.

वाघबीळची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. १९८८, श्रावण, पन्हाळ्यावरनं खाली येत होतो, मागं बापू. रस्ता ओला, मी जरा ओढली, आणि सोडली तर गाडी कमीच होईना. एक्सलेटरच्या वायरची एक तार तुटून आवरणात अडकली होती, आत कार्बोरेटरचा पिस्टन वर तो वरच. क्लच दाबला तर इंजिन असं किंचाळायला लागलं की बापू मागनं ओरडला, अरे फुटंल. क्लच सोडला की गाडी पळते, दाबला की किंचाळते, आणि चावी फिरवायची तर हँडलवरचा हात सोडायचा आणि पुढं वळण. तुला फोनवर बोलताना हे दोन मिनिटांचं वाटेल, तेव्हा चार सेकंद होते. मी हात सोडला नाही. गाडी उसात घातली. मला काही झालं नाही, एक ओरखडा नाही. बापूच्या हाताचं तुला माहीत आहे, तो सगळ्यांना सांगतो लेथवर झालं. ते लेथवर झालेलं नाही. ३५ वर्षं झाली, त्यानं एकदा पण कुणाला सांगितलं नाही, आणि दर दिवाळीला घरी आला की त्याच हातानं माझ्या पाठीत थाप मारतो.

हे मी का लिहिलं मला पण माहीत नाही. आईला दाखवू नको.

वायरचं तेवढं बघ म्हणजे झालं. गाडी न्यूट्रलला चालू ठेवायची आणि हँडल या टोकापासनं त्या टोकापर्यंत फिरवायचं, आवाज वाढला तर समज वायर ताणतेय, दुसरीकडनं घे. वायर नवीन टाक, जुनी ओरिजिनल म्हणून ठेवू नको, तुम्हा लोकांना ते ओरिजिनलचं लई वेड. कार्बोरेटर उघडून पिस्टन हातानं सोडून बघ, आपल्या वजनानं खाली पडला पाहिजे, अडखळला तर चिखल किंवा ओरखडा आहे. एअर फिल्टर दर रेसला धू. नाल्यातनं बाहेर आलास की ब्रेक जरासा धरून थोडं चाल, ड्रमचे ब्रेक आहेत ते, पाणी गेलं की लागत नाहीत, वाळू दे. पेट्रोलमध्ये ऑइल तू ३२ ला १ टाकतोस म्हणालास, तुमचं ऑइल चांगलं असेल, आम्ही लिटरला ४० मिली टाकत होतो आणि एकदा पण सीझ झाली नाही, पण तुझं तू बघ. बूट घोट्याच्या वरचे. छातीला ते प्लॅस्टिकचं घाल. आणि सातव्या आठवड्यात रेसला कोण जातंय लेका, डॉक्टरनं सहा सांगितले म्हणजे सातव्याला उडी मारायची असं असतंय का? सहा म्हणजे हाड जुळतं, हाडाला अक्कल येत नाही

सॉरी. लेक्चर झालं. खोडणार होतो पण मग परत टाइप करायला लागेल. तू ३१ वर्षाचा आहेस, नोकरी आहे, घर आहे, आणि सप्टेंबरचं आईचं तिकीट कशासाठी काढलंय ते मी इथं लिहीत नाही, ती म्हणते बोलून दाखवू नये.

काल माळ्यावरनं एक डबा काढला, त्यात लुनाचा पाना सापडला. तुला आठवतंय का काकूची लुना? तू दहा वर्षांचा, ऊस तुटून गेला की मोकळ्या फडात तुला शिकवायचो, पाचट पेटवून झालेलं, सगळी जमीन काळी आणि तुझे पांढरे मोजे. तुझे पाय जेमतेम टेकत होते. मी प्लगच्या टोपीला सुतळी बांधली होती आणि दुसरं टोक हातात धरून मागं मागं पळत होतो, गडबड झाली की सुतळी ओढायची, टोपी निघते, गाडी बंद. सगळं रान हसत होतं, बाप पोराला बैलासारखा धरून पळतोय म्हणून. आणि तू मस्त चालवत होतास. वळणावर पाय बाहेर काढलास, कुणी शिकवलं नव्हतं तुला ते. आणि मी बांधाला अडखळलो, हातातली सुतळी ओढली गेली, लुना बंद पडली आणि तू पुढं तोंडावर. ओठ फुटला. रडला नाहीस. उठून माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालास, मी बरोबर चालवत होतो.

परवा फोनवर तू तेच वाक्य बोललास. शब्द न् शब्द तोच. तेव्हा मी फोन कट केला.

बरोबरच चालवत होतास रं. दोन्ही वेळा. व्हिडिओत पण घसरायच्या आधी काही चूक दिसत नाही, नजर लांब आहे, कोपर बाहेर आहे, चिखल होता एवढंच. मी त्या दिवशी सुतळी धरली नसती तर तू पडला नसतास हे मला गेली २० वर्षं माहीत आहे. तरी मी परत धरीन. त्याला काय करायचं.

तर, काम असं की पाटलांची पोर शुक्रवारी शिकागोला चाललीय, तिच्याकडं डबी दिलीय, ती पोचल्यावर पोस्ट करेल. कांदा लसूण चटणी आहे, त्याच्या खाली कापडात गुंडाळून एक वस्तू आहे. अण्णांच्या लेथवर बसून केली, तीन दिवस लागले, डोळे आता पहिल्यासारखे नाहीत, दोन पितळी पीस वाया गेले. बाहेर पितळ, आत बॅकेलाइट, खुंटी आत आहे तोवर दोन पत्रे सुटे, खुंटी निघाली की स्प्रिंगनं एकमेकाला टेकतात. एक वायर पॉइंटकडनं कॉइलला जाणाऱ्या वायरला जोडायची, एक बॉडीला, पेंट खरवडून. दोरी सुतळीची नाही, नायलॉनची आहे, घाबरू नको. लांबी तू उभा राहून चालवतोस तेवढी धरून दिलीय, फोरमननं व्हिडिओ बघून अंदाज सांगितला, उभा राहिलास म्हणून उगाच निघायची नाही.

आणि कोण ओढणार नाही मागनं. तुझी तुझ्या हाताला.

वेळेत नाही पोचली तर तिथल्या त्या जुन्या पार्टच्या बाजारात मिळते का बघ, मिड-ओहायोला एवढा मोठा बाजार भरतो म्हणतोस तर एक दोरीवालं बटन मिळणार नाही का. आणि ते तिथं येझदीचं साईड पॅनलचं लॉक कुठं दिसलं तर विचार, जावाचं चालतंय. तुझ्या टाकीला तिकडं कॉफिन टँक म्हणतात हे मी वाचलं, आकारामुळं म्हणे. आईला मी त्याचं मराठी केलं नाही. तू पण सईच्या आईसमोर बोलू नको.

रेस झाली की कितवा आलास ते सांगू नको, आधी दोन्ही हात वर करून व्हिडिओ कॉल कर. कप नको धरू.

पप्पा

ता. क. लाल वायर कॉइलला, काळी बॉडीला. उलटी जोडलीस तरी चालतंय, बटनच आहे ते.