बाबागाडी झाली, आता पोरांचंही सांगा की

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला जुन्या सोव्हिएत सिनेमावरचा लेख वाचला. आयझेनस्टाइनचा 'बॅटलशिप पोटेमकिन', त्यातल्या ओडेसाच्या पायऱ्या, ती गडगडत जाणारी बाबागाडी, आणि शेवटी 'बाकी सगळा प्रचार' म्हणून लेखकमहाशय मोकळे. प्रचार होताच हो, नाही कोण म्हणतंय, पण कामगारांच्या आणि रस्त्यावरच्या पोरांना घेऊन तिथे जे पिक्चर निघाले त्यांच्यावर एक ओळसुद्धा नाही?

१९२३ चा 'छोटे लाल सैतान' घ्या. जॉर्जियात बनलेला, दिग्दर्शक पेरेस्तियानी. बहीणभाऊ आणि त्यांचा एक कसरतपटू दोस्त, तिघं मिळून चक्क मख्नोला, म्हणजे युक्रेनमधल्या अराजकवादी बंडखोरांच्या म्होरक्याला, पोत्यात घालून लाल सैन्याकडे नेतात. शुद्ध थाप! खरा मख्नो कधीच देशाबाहेर सटकला होता, १९३४ ला पॅरिसात वारला. पण पोरांना काय त्याचं, घोडे पळतायत ना, बास.

माझा जीव अडकलाय तो १९३१ च्या 'रोड टू लाइफ' मध्ये. दिग्दर्शक निकोलाय एक्क, रशियातला अगदी पहिल्या बोलपटांपैकी. क्रांतीनंतरच्या यादवीत आणि दुष्काळात लाखो मुलं बेवारस झाली होती, त्यातला हा मुस्तफा, बाईच्या अंगावरच्या फरकोटाचा मागचा तुकडाच कापून नेतो नि तिला पत्ता नाही. मग ही टोळी कम्यूनमध्ये, म्हणजे एकत्र राहून काम करायच्या वसाहतीत, कामाला लागते, स्वतः रेल्वेलाइन टाकते. उद्घाटनाच्या दिवशी स्टेशनात बँड तयार, सगळे रुळांकडे बघतायत, आणि पहिलं इंजिन येतं ते पुढच्या बाजूला मुस्तफाचं प्रेत घेऊन. आदल्या रात्री टोळीच्या जुन्या दादाने त्याला मारलेला असतो. मधली भाषणं कंटाळवाणी आहेत हे कबूल, पण तो सीन बघून आमच्या घरात कोणी बोललंच नाही बराच वेळ.

हा पिक्चर अर्पण केलाय चेकाच्या, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या, प्रमुख जेर्झिन्स्कीला. आणि मुस्तफा झालेला इवान किर्ला, रशियातल्याच मारी भाषेतला कवी, त्याला १९३७ मध्ये त्याच खात्याच्या पुढच्या अवताराने उचललं, १९४३ ला कैद्यांच्या छावणीतच वारला बिचारा. प्रचार म्हणायचं तर मग हेही सांगा ना.

आणि दिग्दर्शिका मार्गारिता बार्स्काया? १९३३ चा तिचा 'फाटके बूट', गोदी कामगारांचा संप, पण सगळा पोरांच्या उंचीवरून बघितलेला, कचऱ्याच्या ढिगात खेळणारी, मोठ्यांचे वाद ऐकून आपसात तसेच गट पाडणारी पोरं. पाठ केलेले डायलॉग वाटतच नाहीत. तिचा पुढचा पिक्चर १९३६ चा, त्याच्यावर बंदी आली आणि १९३९ मध्ये तिने जीव दिला.

बाबागाडीवर आजवर पानंच्या पानं लिहून झालीत. एखाद्या रविवारी या बाईला अर्धं पान द्या.

– एक जुना वाचक, डोंबिवली