तुम्ही वायसर माझ्या हातात दिलात

प्रिय काका,

आमची जुनी हवेची बंदूक तुम्ही दुरुस्त करून दिलीत, त्याबद्दल इंग्रजीत तुमचे आभार मानून झाले. तुमच्या गॅरेजच्या दारात मानले, घरी पोचल्यावर फोनवर मानले, कार्ड पाठवलं त्यातही मानले. तरी मनातलं मनातच राहिलं, म्हणून आता माझ्या भाषेत लिहितोय. नाताळात मुलगा माझ्याबरोबर तुमच्याकडे येईल तेव्हा तो हे वाचून दाखवेल आणि अर्थही सांगेल. तुम्हाला काका म्हणतोय, कारण आमच्याकडे वडिलांच्या वयाच्या माणसाला नावानं हाक मारत नाहीत, आणि 'सर' म्हटलेलं तुम्हाला चालत नाही.

हे पत्र इतर मराठी माणसंही वाचतील, त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो.

अमेरिकेत सेंट लुईसच्या दक्षिणेला आम्ही घर घेतलं तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. कुंपणापलीकडे एक आजी-आजोबा राहायचे. आमचे आईवडील सोलापुरात, त्यामुळे मुलाचे आजोबा म्हणजे हेच. त्यांच्याकडे एक हवेची बंदूक होती. बेंजामिन कंपनीची, ३१२ नंबरचं मॉडेल, त्यांच्या वडिलांनी त्यांना बाराव्या वर्षी नाताळात दिलेली. म्हणजे पन्नाशीच्या दशकातली. ही कंपनी याच शहरातली. वॉल्टर बेंजामिन यांनी १९०२ मध्ये इथे सुरू केलेली. आता ते नाव दुसऱ्या कंपनीकडे गेलंय आणि इथला कारखाना कधीच उठला, पण आजोबा सांगताना "आपल्या गावची" असंच सांगायचे.

आपल्या जत्रेत फुगे फोडायला ठेवतात ती बंदूक मधोमध मोडून, आतली स्प्रिंग दाबून तयार करायची असते. ही तशी नाही. हिच्या नळीखालचं लाकूड म्हणजेच पंपाचा दांडा. तो उघडायचा, मिटायचा. प्रत्येक वेळी थोडी हवा आत कोंडली जाते. जितके पंप तितका जोर. माझा मुलगाही बारा वर्षांचा झाल्यावरच आजोबांनी ती त्याच्या हातात दिली. आधी सहा महिने नुसतं शिकवणं चाललं होतं: तोंड कायम जमिनीकडे, बोट चापाबाहेर, आणि डब्यामागे काय आहे ते बघितल्याशिवाय नेम नाही. गोळी न घालता. मुलगा कधी कंटाळला नाही.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आजोबा गेले. पंधरा दिवसांनी आजी कुंपणाशी आल्या. हातात अंघोळीच्या टॉवेलात गुंडाळलेली बंदूक. "ही त्याची आहे," म्हणाल्या. 'त्याची' म्हणजे माझ्या मुलाची.

ती चालत नव्हती. पंप मारला की आतून फुस्स आवाज यायचा आणि सगळी हवा निघून जायची. मुलगा कॉलेजला दुसऱ्या राज्यात. तो घरी येईपर्यंत ती दुरुस्त करून ठेवायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पहिल्या दुकानातल्या माणसानं ती हातातसुद्धा घेतली नाही. काउंटरवरून बघून म्हणाला, भिंतीवर टांगा, शोभेला बरी दिसेल. दुसऱ्या दुकानानं ठेवून घेतली. अकरा आठवडे. दर आठवड्याला मी फोन करायचो, दर आठवड्याला "बघतोय" असं उत्तर. शेवटी परत मिळाली ती पितळी नळीवर पकडीचे दात उमटलेले, स्क्रूच्या खाचा बोथट झालेल्या, आतबाहेर कसलासा पातळ स्प्रे मारलेला, आणि बरोबर बिल. "पार्ट मिळत नाहीत." बिल मी भरलं. गाडीत येऊन बसलो आणि त्या पितळेवरच्या खुणांवरून बोट फिरवत राहिलो. सत्तर वर्षं एका माणसानं जी वस्तू जपली, ती अकरा आठवड्यांत माझ्यामुळे नासली, असं वाटलं. तो राग अजून गेलेला नाही, आणि गेला असं खोटं लिहिणार नाही.

मग कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. दीड तासाचा रस्ता, शेवटचे चार मैल खडीचे.

काका, तुम्ही बंदूक टेबलावर ठेवलीत आणि स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी विचारलंत, "कुणाची ही?" तोवर हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता. मी सांगत गेलो, तुम्ही ऐकत गेलात. पकडीच्या खुणा दिसल्या तेव्हा तुम्ही त्यावर अंगठा फिरवलात आणि एवढंच म्हणालात, "कुणीतरी फार घाईत होतं." त्या दुकानाचं नाव विचारलं नाहीत. मी सांगायला लागलो तर हातानं थांबवलंत.

ती कशी खोललीत ते सगळं मी लिहीत नाही, मला लिहिता यायचंही नाही. तुमचा तो पाना मात्र डोळ्यांसमोर आहे. आतला व्हॉल्व्ह जी चकती धरून ठेवते ती नळीत इतकी खोल की साधा पाना पोचत नाही. तुम्ही जुन्या पाइपचा तुकडा घेऊन, टोकाला दोन दात कानशीनं घासून स्वतःच पाना बनवलेला. चकती हलेना, तेव्हा मी विचारलं, थोडी गरम केली तर? तुम्ही शांतपणे समजावलंत की वरची नळी आणि पंपाची नळी एकमेकींना डाग देऊन जोडलेल्या आहेत, उष्णता लागली तर तो सांधाच सुटेल. मग तेल सोडून तासभर वाट बघितलीत.

पण या सगळ्याच्या आधी बाहेर आला तो पंपाच्या आतला दांडा. त्याच्या टोकाला चामड्याची छोटी वाटी. वाळून कडक झालेली, कडेला चिरलेली.

मी मराठीतच ओरडलो, "अहो, हा तर वायसर!"

इथल्या मराठी वाचकांना पुढचं सांगायला नको. ज्यांच्या घरात रॉकेलचा पितळी स्टोव्ह होता त्या सगळ्यांना हा वायसर माहीत आहे. पंप ढिला पडला, हवा धरेना, की आई पंपाचा दांडा बाहेर काढायची. चामड्याच्या वाटीवर बोटभर गोडं तेल. मग अंगठा आत घालून, वाटी गोल गोल फिरवत, कडा हळूहळू बाहेर फाकवायची, चिमटीत मऊ करायची. घाई केली तर चामडं चिरतं. दांडा परत नळीत घालताना कड दुमडणार नाही अशी फिरवत घालायची. दोन पंप मारले की हाताला कळायचं, धरली हवा. मग काकडा, मग ती निळी ज्योत आणि घरभर भरून राहिलेला भर्रर्र आवाज. त्या आवाजात मी दहावीचा अभ्यास केलाय.

हे सगळं मी तुम्हाला तोडक्यामोडक्या शब्दांत, हातवारे करत सांगितलं. स्टोव्ह म्हणजे काय तेसुद्धा समजावावं लागलं. तुम्ही खणातून चामड्याची नवी वाटी काढलीत, कोरडी, फिकट रंगाची. तेलाची कुपी जवळ सरकवलीत. आणि वाटी माझ्या तळहातावर ठेवून म्हणालात, "तुझी आई करायची तसं कर."

मला हेच सांगायचं होतं, काका. बाकी सगळं पत्र याच्यासाठी आहे.

तुम्हाला ते काम करायला पाच मिनिटं लागली असती. मला अर्धा तास लागला. मी चामड्यात तेल जिरवत बसलो आणि तुम्ही स्टुलावर हात मांडीवर ठेवून नुसते बसून राहिलात. घड्याळ बघितलं नाहीत, दुसरं काम काढलं नाहीत, "असं नाही, असं" म्हणून एकदाही हात पुढे केला नाहीत. आईला जाऊन नऊ वर्षं झाली. अंगठ्याखाली चामडं मऊ होत गेलं तसं मला तिचं नख दिसत होतं, तेलानं पिवळं झालेलं. मी मान वर केली नाही, आणि तुम्हीही माझ्याकडे बघत नव्हता. खिडकीतून बाहेर बघत होता. ते मुद्दाम होतं, हे मला कळलं.

तेव्हाच तुम्ही लुईस आणि क्लार्क या दोन कप्तानांच्या, पश्चिमेकडचा मुलूख शोधायला निघालेल्या तुकडीची गोष्ट सांगितलीत. घरी येऊन मी ती शोधून वाचली. १८०४ मध्ये याच भागातून ते लोक मिसूरी नदीनं वर निघाले, आणि कॅप्टन लुईसकडे हवेची बंदूक होती. वाटेत तिची मुख्य स्प्रिंग गेली. तुकडीत जॉन शील्ड्स नावाचा माणूस होता, त्यानं नवीन बसवली. १० जून १८०५ च्या डायरीत लुईसनं ते लिहून ठेवलंय, आणि पुढे लिहिलंय की या माणसाच्या कसबाचे आमच्यावर फार उपकार आहेत. कुठल्याही धंद्यात रीतसर शिकाऊ उमेदवारी न करता हा आपली हत्यारं बहुतेक स्वतःच बनवतो, लाकूड असो की धातू, काम उत्तम करतो. वाचताना मला तुमचा तो पाइपचा पाना दिसला. रानात, नदीकाठी, उद्याचा भरवसा नसताना एका कप्तानानं वेळ काढून बंदूक दुरुस्त करणाऱ्याचे आभार लिहून ठेवले, हे वाचून मलाही हे पत्र लिहायचं बळ आलं.

पैसे तुम्ही घेतले नाहीत त्या दिवशी. तीन पंप मारलेत, दांड्याला दोऱ्यानं कागदाची चिठ्ठी बांधलीत, तिच्यावर तारीख आणि वेळ लिहिलीत. "रविवारी चाप ओढ. आत हवा टिकली असली तर चेक पाठव." आणि हेही बजावलंत की पुढेही कधी पूर्ण रिकामी ठेवायची नाही, एक पंप आत असू दे, म्हणजे व्हॉल्व्ह मिटलेला राहतो आणि धूळ जात नाही. रविवारी सकाळी मी मागच्या अंगणात गेलो. गोळी न घालता, तोंड जमिनीकडे धरून चाप ओढला. फट्! वाळलेली पानं उडाली. बायको स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं काहीतरी झालं.

पकडीचे दात तुम्ही घासून काढले नाहीत, कारण मीच नको म्हटलं. जिथे आजोबांचा डावा हात असायचा तिथला काळा मुलामा झिजून पितळ दिसतंय, दात घासताना ती खूणही गेली असती. तुम्ही लगेच मान डोलावलीत.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला मुलगा घरी आला. टॉवेल त्यानं स्वतः सोडवला. कुंपणापाशी जुनी मासिकं भरलेलं खोकं ठेवलं, त्यापुढे सूपचा डबा. त्यानं पंप मारायला सुरुवात केली. तो लाकडाचा मिटतानाचा ठक् आवाज तुम्हाला माहीत आहे. ठक्, ठक्, असे पाच झाले आणि तो थांबला, गोळी घ्यायला खिशात हात घातला.

पलीकडचं जाळीचं दार उघडलं. आजी अंगावर शाल ओढत पायरीवर येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"सहा," त्या म्हणाल्या. "तो नेहमी सहा मारायचा."

मुलानं सहावा मारला.

तुमचा,
कुंपणाअलीकडचा सोलापूरकर