काका, न चमकवल्याबद्दल आभार

पुणे

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

आमच्या जुन्या येझदी मोटारसायकलचे मासिकासाठी फोटो निघाले. मासिकवाल्यांनी इंजिनाचा जो क्लोजअप निवडलाय, तो तुमच्या हातच्या कव्हरचा आहे. त्याबद्दल आभार मानायचेच आहेत, पण त्याहून जास्त आभार तुम्ही ज्या भागांना बफ मारायला (फिरत्या चाकावर घासून चमकवायला) साफ नाही म्हणालात त्यांबद्दल. तुमच्याकडे आणलेल्या पोत्यात क्रँक केस (इंजिनाचं खालचं खोकं) होती, दोन्ही कव्हरं होती, हेड, चाकांचे हब, फोर्कचे खालचे नळ, सगळंच होतं. तुम्ही त्यातली दोन कव्हरं आणि हबच्या कडा तेवढ्या बाजूला काढल्यात आणि बाकीचं पोतं पुन्हा बांधायला लावलंत. पत्र उघडं लिहितोय, म्हणजे पुढच्या वेळी कुणी असंच पोतं भरून तुमच्या दारात आलं तर त्याचा हेलपाटा वाचेल आणि तुमचा घसा.

तुमच्या नकाराचं कारण कॅमेऱ्यासमोर गाडी उभी राहिल्यावर नीट कळलं. आरशासारख्या पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमला स्वतःचा रंग उरत नाही. समोर असेल ते त्यात दिसतं: आभाळ, भिंत, फोटोग्राफरचा लाल टी-शर्ट. रंगावरची आणि काचेवरची चकाकी पोलरायझर फिल्टरनं बरीच मारता येते, उघड्या धातूवरची आणि क्रोमवरची नाही. म्हणजे चकचकीत भाग जितके जास्त, तितके त्यांच्यासमोर धरायचे पांढरे-काळे बोर्ड जास्त आणि ते धरणारी माणसं जास्त. येझदीच्या इंजिनात कव्हर हा एकच मोठा, सलग गोलाई असलेला भाग. तो चमकला आणि त्याच्यावर सिलिंडरचे काळे पंखे (थंडाव्यासाठीच्या पातळ पट्ट्या) तसेच राहिले, की नजर बरोबर तिथे जाते. पंख्यांच्या कडा उजळवण्याचा आमचा हट्ट होता. केला असता तर पानावर नुसत्या पांढऱ्या रेघांचं जाळं दिसलं असतं.

कव्हरांचं काम कसं केलंत ते क्रमानं लिहून ठेवतो, कारण यात सगळे घाई करतात. आधी जुनं वॉर्निश आणि तेल पूर्ण काढायचं. तेलकट कव्हर बफला लावलं तर मळ चाकात बसतो आणि पुढच्या दहा नगांवर उतरतो. मग साबणाच्या पाण्यात वॉटर पेपर: ३२०, ४००, ६००, ८००, १०००. दर नंबरला हाताची दिशा काटकोनात बदलायची, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे आडवे दिसतात आणि ते संपले की नाही हे कळतं. बोहरी आळीतून पेपर आणताना ४०० आणि ६०० गाळून पैसे वाचवणारे पुष्कळ. त्यांची कव्हरं दुकानात छान दिसतात. बाजूनं तिरका उजेड पडला की आरशाच्या खालून ३२०चे ओरखडे वर येतात, आणि फोटोत उजेड तिरकाच असतो.

पेपरनंतर सायझलचं (घायपाताच्या दोऱ्याचं) चाक आणि तपकिरी साबण (पॉलिशची मेणासारखी वडी), शेवटी कापडी बफ आणि पांढरा साबण. मोटर २,८०० आरपीएमची, चाक ८ इंची. नग चाकाच्या मध्यरेषेच्या खाली धरायचा, आणि वरची कड चाकाच्या अंगावर कधीच द्यायची नाही. कड अडकली तर कव्हर हातातून सुटून जमिनीवर आपटतं, किंवा माणसावर. हातमोजे नाहीत, सैल बाही नाही. नग तापून हाताला सोसेना की थांबायचं. आणि लोखंडासाठी वापरलेला बफ ॲल्युमिनियमला लावायचा नाही. एक तर लोखंडाचे कण नरम धातूवर चरे पाडतात. शिवाय ॲल्युमिनियमची भुकटी आणि लोखंडाची भुकटी एकत्र साठली आणि त्यावर ठिणगी पडली तर पेट घेऊ शकते. तुम्ही दोन मोटरींखाली दोन वेगळे पत्रे ठेवता ते यासाठी, हे आम्हाला विचारल्यावरच कळलं.

आता त्या अक्षरांबद्दल. कव्हरवरची ‘येझदी’ ही उठावातली इंग्रजी अक्षरं बहुतेक जुन्या गाड्यांवर साबणाच्या वडीवरच्या नावासारखी झिजलेली असतात. कुणीतरी कधीतरी त्यांच्यावरून बफ आडवा फिरवलेला असतो. तुम्ही अक्षरांभोवती पेपर हातानं मारलात, आइस्क्रीमच्या काडीला गुंडाळून. बफ अक्षरांच्या लांबीच्या दिशेनं, हलक्या हातानं, दोनच फेरे. ‘झेड’ची आतली खाच तुम्ही तशीच खरखरीत ठेवलीत. फोटोत त्या खाचेत सावली बसली आहे आणि त्यामुळेच अक्षर उठून वाचता येतं.

ओतीव ॲल्युमिनियमला बारीक छिद्रं असतात, त्यांत साबणाचं काळं मेण अडकतं. डोळ्याला दिसत नाही, क्लोजअपमध्ये मात्र तीळ पसरल्यासारखं दिसतं. रॉकेल आणि जुना टूथब्रश, मग कोरडा लाकडाचा भुसा चोळायचा; भुसा मेण आणि तेल दोन्ही ओढून घेतो. चिंच-मीठ पितळेच्या पेट्रोल कॉकला चालतं, कव्हरला नाही. आम्लानं ॲल्युमिनियम पांढुरकं पडतं आणि पुन्हा पेपरपासून सुरुवात करावी लागते. शेवटी मेणाचा पातळ हात आणि सुती कापडात गुंडाळून ठेवणं. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं तर आत दमटपणा कोंडतो आणि डाग पडतात. लॅकर मारायचा मोह होतो, पण इंजिनाच्या उष्णतेनं तो पिवळा पडतो.

क्रँक केस तुम्ही परत पाठवलीत ती आम्ही डिझेल आणि नायलॉन ब्रशनं धुऊन, करड्या बारीक घासणीनं एकाच दिशेनं पुसली. भांड्यांची हिरवी घासणी वापरू नका म्हणालात ते बरोबर होतं. एका कोपऱ्यावर करून पाहिली, तिच्या रेघा जाडजूड उठतात.

क्रोमच्या बाबतीत तर तुम्ही वाचवलंतच. दोन्ही सायलेन्सर बफवर धरा असं आम्ही म्हणत होतो. सजावटीच्या क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो, त्याच्या खाली निकेल. कापणारा साबण लावून बफ मारला की क्रोम उडतं आणि पिवळसर झाक वर येते. एकदा ती आली की पुन्हा प्लेटिंगशिवाय इलाज नाही. त्याऐवजी गंजाच्या ठिपक्यांवर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल पाण्यात भिजवून घासायला सांगितलीत. फॉइल क्रोमपेक्षा नरम, म्हणून ओरखडा नाही, आणि ठिपका जातो. सिलिंडरमधून निघणाऱ्या बेंडवरचा (धुराच्या वाकड्या नळीवरचा) पहिल्या चार बोटांचा निळा-सोनेरी रंग मात्र आम्ही ठेवला. तो तापण्यानं आलेला आहे, गाडी चालते याचा पुरावा आहे. यावर तुमचं मत वेगळं असेल, ठाऊक आहे.

टू-स्ट्रोक गाडीचं एक दुखणं शूटच्या सकाळी हमखास उठतं. एकच सिलिंडर, पण सायलेन्सर दोन, आणि दोन्हींच्या शेपटातून काळं तेल ठिबकतं. क्रोमवर एक ओघळ आणि खाली फरशीवर एक डाग. उपाय आदल्या रात्रीचा: बॅफल (सायलेन्सरच्या आतल्या नळ्या) काढून पुसायचे, पुढचं चाक सहा इंच उंच फळीवर ठेवून गाडी रात्रभर उभी करायची, म्हणजे साठलेलं तेल मागे येऊन निघून जातं. सकाळी शेपटं पुसायची आणि सगळे स्थिर फोटो होईपर्यंत इंजिन चालू करायचंच नाही. चालवतानाचे फोटो शेवटी. टाकीत लिटरभरच पेट्रोल, त्यात ४० मिली तेल, कॉक बंद. भरलेल्या टाकीच्या झाकणातून टेम्पोत पेट्रोल हिंदकळतं आणि नव्या रंगावर ओघळ कायमचा राहतो.

गाडी धुवायची ती आदल्या दिवशी, त्याच सकाळी नाही. आऱ्यांच्या निपलमध्ये, टाकीच्या खालच्या शिवणीत आणि चेन कव्हरात पाणी दडून बसतं आणि बरोबर फोटोच्या वेळी थेंब थेंब बाहेर येतं. ब्लोअर मारून रात्रभर वाळू द्यावी. टायरला शायनर लावू नये. रबर ओलं दिसतं, धूळ धरतं, आणि नंतर गाडी चालवायची असेल तर पकडही जाते. ब्रश आणि कपड्यांचा साबण पुरे. नव्या टायरवरचे रबराचे केस नेलकटरनं काढायचे.

नवा रंग असेल तर निदान महिनाभर मेण लावू नये, आणि कापड गोल गोल फिरवू नये. तेवढंच.

छोटा हत्ती टेम्पोच्या हौद्यात गाडी तिरकी बसते. नायलॉनची दोरी हँडलला थेट बांधली की क्रोमवर घासाचा पट्टा उमटतो. मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घ्यावेत. पट्टे चार, पुढचे दोन फोर्कच्या खालच्या जोडाला, आणि शॉकअप निम्मेच दबतील इतकेच ताणून. पूर्ण दाबले तर ऑइल सील तेल सोडतं. चादर पांघरायची असेल तर घट्ट बांधूनच. सैल चादर वाऱ्यानं फडफडते आणि खालच्या धुळीसकट रंगाला पॉलिश पेपर मारत राहते. भोसरीपर्यंतच्या रस्त्याची धूळ काय असते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पोचल्यावर आधी ब्लोअर, मगच कापड.

फोटोंची जागा भोसरीतल्या एका बंद शेडची होती, मालकाची परवानगी घेऊन. काळ्या दगडाची भिंत गाडीमागे फार शोभते, पण गाडी काळी असेल तर तीत ती बुडून जाते. आपली टाकी बाटलीच्या हिरव्या रंगाची, म्हणून चाललं. (रंग बदलला की आरसीवर नोंद करून घ्यावी लागते, हे बरेच जण विसरतात.) डिसेंबरात पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्याआधीच्या पाऊण तासात उजेड मऊ असतो, आणि क्रोमसाठी तोच सोन्याचा. त्या थंडीत गाडी उघड्यावर ठेवली तर टाकीवर दव धरतं, म्हणून शेवटच्या क्षणापर्यंत शेडमध्येच.

कव्हरासमोर ८ बाय ४ फुटांचा पांढरा सनबोर्ड आडवा धरला, खाली एक काळं कापड पसरलं. पांढऱ्यामुळे कव्हरवर एक लांब सरळ उजेड आला आणि काळ्यामुळे त्याची खालची कड कापल्यासारखी स्पष्ट झाली. बोर्ड धरणारे सगळे काळ्या-करड्या कपड्यांत. हे आधी सांगून ठेवावं, नाहीतर कुणीतरी पिवळा जर्किन घालून येतोच.

साइड स्टँडवर गाडी फार कलते. स्टँडखाली १८ मिमी प्लायचा तुकडा सरकवला की ती बरीच सरळ होते आणि तुकडा नंतर फोटोतून सहज पुसता येतो. दोन्ही चाकांचे हवा भरायचे व्हॉल्व्ह तळाशी. केबल टायची टोकं मुळापासून छाटलेली. चावीला किचेन नाही. हेडलाइट सतत लावून ठेवू नये: ३५ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण ३ अँपिअर ओढतो, गाडीची बॅटरी बघता बघता बसते. यूपीएसची ७ अँपिअर-तासांची एक बॅटरी सोबत असावी. नंबर प्लेट काढू म्हणाल तर हाय सिक्युरिटी प्लेटचं लॉक एकदाच बसतं, काढलं की तुटतं. ती पुसायचं काम संगणकावर सोपवावं.

इतकी बारकाई कशाला, असं वाटेल. ए-फोर आकाराचं पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २,४८० बाय ३,५०८ पिक्सेलचं होतं. तेवढ्यात कव्हरवरच्या बोटाच्या ठशाचं वळणही मोजता येतं. कव्हरांना फोटो होईपर्यंत उघडा हात लावू नका, हे तुम्ही तीनदा सांगितलंत. तिसऱ्यांदा आम्हाला राग आला होता. माफ करा.

मजुरी तुम्ही दोनच कव्हरांची घेतलीत. हबच्या कडांचे पैसे राहिलेत, ते अंक घेऊन येऊ तेव्हा देऊ. एक गोष्ट आत्ताच कबूल करतो, कारण अंक हातात आला की तुम्ही भिंग काढणारच. कव्हरच्या स्क्रूंच्या खाचा सगळ्या उभ्या ठेवा म्हणाला होतात. डावीकडच्या तशाच आहेत. उजव्या कव्हरचा मागचा, खालचा स्क्रू तिरका राहिला आहे. फोटो निघाल्यावर लक्षात आलं.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपले,
येझदीवाले चौघे