फोटो नको, घड्या छापा!

संपादक महोदय, स.न.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घरगुती वाढदिवसाच्या डेकोरेशनवर पानभर मजकूर आला होता. फोटो मस्तच होते, कागदी पक्ष्यांच्या माळा, फुलं, छोट्या डब्या, पण एकाही वस्तूची घडी कशी घालायची ते कुठेच नव्हतं आणि शेवटी काय तर तयार सेट ऑनलाइन मिळतात. ते वाचून अगदी राहवेना म्हणून लिहायला बसले.

माझ्या मुलीच्या पाचव्या वाढदिवसाला मी पण हेच केलं होतं. ती झोपल्यावर रात्री एक वाजेपर्यंत बसून एकटीने कागदाचे चाळीस क्रेन पक्षी (जपानी घडीचे लांब मानेचे क्रौंच) केले, दोऱ्यात ओवले, पंख्यापासून खिडकीपर्यंत माळा सोडल्या. सकाळी उठून तिने वर बघितलं, "छान आहे" म्हणाली आणि खेळायला निघून गेली. मला फार लागलं तेव्हा. नंतर लक्षात आलं की त्या माळेत तिचं काहीच नव्हतं, तिने का म्हणून बघावं?

सहाव्या वर्षी तीन आठवडे आधीपासून रोज संध्याकाळी अर्धा तास आम्ही दोघी आणि शेजारची दोन मुलं असे जमिनीवर बसायला लागलो. कागद विकत आणला तो फक्त घोटीव कागदाचा एक गठ्ठा, बाकी सगळं घरातलंच, कालनिर्णयची जुनी पानं, एका बाजूने कोरे प्रिंटआउट आणि कपाटात साठलेल्या लग्नपत्रिका. ए-फोर कागदातून 21 सेंटिमीटरचा चौकोन काढला की बाजूला लांबट पट्टी उरते, ती टाकायची नाही, बेडकाला तशीच लागते. उडी मारणारा बेडूक मात्र शक्यतो लग्नपत्रिकेचा करावा, कागद जाड असला की मागे बोट दाबून सोडलं की चांगला हातभर उडतो. (गणपती छापलेला भाग आमच्या सासूबाई आधी कापून देव्हाऱ्यात ठेवतात, मग पत्रिका मुलांच्या हातात.) आणि क्रेनला मात्र पत्रिका अजिबात नको, शेवटी शेवटी इतके थर होतात की मान वळतच नाही.

सहा-सात वर्षांच्या मुलांना क्रेन शिकवायच्या भानगडीत पडू नका असं माझं स्पष्ट मत आहे. होडी, कुत्र्याचं तोंड, पाणी प्यायचा पेला, पंखा, बेडूक, एवढं पुष्कळ झालं. पताकांच्या जागी कुत्र्यामांजरांची तोंडं एका दोऱ्यावर चिकटवली तर भिंतभर माळ होते, प्रत्येकाचं तोंड वेगळं, एकाचा कान वर एकाचा खाली. मोठ्या माणसाने फक्त सुई हातात घ्यायची, मुलांच्या घड्या सरळ करत बसायचं नाही. मला ते जमायला वेळ लागला हे खरं.

रिटर्न गिफ्टला आम्ही झाकणाच्या डब्या केल्या. चौकोनाचे चारही कोपरे मध्यावर आणायचे, मग वरची आणि खालची बाजू मध्यावर आणून उघडायची, तसंच दुसरीकडून, आणि भिंती उभ्या करायच्या. 21 सेंटिमीटरच्या कागदाची डबी साधारण साडेसात सेंटिमीटरची होते, त्यात दोन पेढे आणि एक खोडरबर आरामात बसतं. मुलीने पहिली डबी आणि झाकण एकाच मापाच्या कागदाचं केलं, झाकण बसेचना, तिने दाबून बघितलं, फिरवून बघितलं, डोळ्यांत पाणी आलं. मी तोंडातून शब्द काढला नाही. बऱ्याच वेळाने तीच म्हणाली, "आई, खालची थोडी बारीक करूया का?" खालच्या कागदाची दोन बाजूंनी अर्धा अर्धा सेंटिमीटर पट्टी कापली आणि झाकण टुपकन बसलं. त्या दिवशी घरात येईल त्या प्रत्येकाला तिने ते झाकण उघडून आणि लावून दाखवलं, दूधवाल्यालासुद्धा.

हे भूमितीच आहे आणि नवीन काही नाही. मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी 1893 मध्ये कागदाच्या घड्यांमधून भूमिती शिकवणारं आख्खं पुस्तक लिहिलंय. जपानचे नावाजलेले कलाकार अकिरा योशिझावा तरुणपणी कारखान्यात नवीन कामगारांना भूमिती समजावायला ओरिगामीच, म्हणजे कागदाच्या घड्यांची कलाच, वापरायचे, आणि पुढे त्यांनीच तुटक रेषा नि बाणांच्या खुणांची पद्धत बसवली, ती आता जगभर चालते. या खुणा कळल्या की जपानी पुस्तक असो नाहीतर ब्राझीलचं, भाषा येत नसली तरी मूल घडी घालू शकतं. आपल्याकडे पुण्यात अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंमधून आणि कागदातून खेळणी करायला किती मुलांना शिकवलं. म्हणजे परंपरा आपल्या दाराशी आहे आणि आपण सेट मागवतोय!

थर्माकोलच्या डेकोरेशनवर आणि फुग्यांच्या प्लास्टिक काड्यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे हेही त्या पानावर दोन ओळीत लिहायला हवं होतं.

क्रेनचं म्हणाल तर तो आता करतोय, मुलगी नऊची झाली. जपानमध्ये हा पक्षी हजार वर्षं जगतो अशी समजूत आहे, म्हणजे आपल्या शतायुषी भवच्या दहापट. यंदा औक्षणाच्या ताटाशेजारी तिने स्वतः केलेला एकच क्रेन ठेवला होता, चोच जरा वाकडी, पण उभा राहिला.

तुम्हाला विनंती एवढीच की पुरवणीत दर रविवारी एक वस्तू द्या, फोटोऐवजी पायऱ्यांची चित्रं, बाण आणि तुटक रेषांसकट, आणि त्या खुणांचा अर्थ पहिल्याच वेळी एका कोपऱ्यात छापून टाका. सुरुवात टोपीने करा. पेपरचं एक पान घेतलं की मुलाच्या डोक्याला बसेल अशी टोपी होते, तेव्हा एका पानावर नुसती रंगीत नक्षी छापा, घडी घातल्यावर ती बाहेरच्या बाजूला येईल अशी. त्या रविवारी ज्यांचा वाढदिवस असेल त्या सगळ्या मुलांना सकाळी चहाच्या वेळीच टोपी मिळेल.

आपली,
एक नियमित वाचक, नाशिक रोड